जुनी कॅसेट, नवा हँडहेल्ड: कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

दादाचा मेसेज: "अगं माझं सिल्व्हर आहे का अजून तुझ्याकडे?" सिल्व्हर म्हणजे पोकेमॉन सिल्व्हर, गेमबॉय या निन्टेन्डोच्या हातातल्या गेम-मशीनची कॅसेट. आहे, खोक्यात आहे, बाकीच्या सतरा कॅसेटींबरोबर. (कार्ट्रिज म्हणायचं असतं हे नंतर कळलं, आम्ही कॅसेटच म्हणायचो आणि इथेही तेच लिहिणार आहे.) त्याचं म्हणणं असं की आता तर हातातल्या कुठल्याही नव्या खेळण्यात जुने गेम चालतात, मग माझं पण टाकून दे ना, संध्याकाळपर्यंत होईल.

गेम टाकणं संध्याकाळपर्यंत होईल. पण त्याला गेम नकोय, त्याला त्याचा सेव्ह (गेममधे तो कुठवर पोचला होता त्याची नोंद) हवाय, आणि तो त्या कॅसेटच्या आत एका बटण सेलवर जिवंत आहे, म्हणजे असला तर.

म्हणून या नोंदी. ठरवलेलं काम असं: कॅसेटमधून गेम आणि सेव्ह दोन्ही बाहेर काढायचे, माझ्याकडच्या लिनक्सवाल्या नव्या हँडहेल्डवर (हातात धरून खेळायचं मशीन, ६४० बाय ४८० स्क्रीन, चार कोअरची आर्म चिप) बसवायचे, आणि जुन्या गेमबॉय कलरवर जसं वाटायचं तसं वाटेपर्यंत सेटिंगशी भांडायचं. तो जुना गेमबॉय कलर अजून चालू आहे, स्पीकर खरखरतो फक्त. तुलनेला तोच.

१४ ऑक्टोबर

आज काहीच बनवलं नाही, फक्त कॅसेट त्या जुन्या मशीनमधे घालून पाहिली. पहिल्यांदा लोगोच्या जागी काळी पट्टी. हे का होतं ते आत्ता नीट वाचलं. चालू झाल्या झाल्या मशीन कॅसेटमधले ४८ बाइट वाचतं, तोच तो लोगो, आणि त्यातला पहिला अर्धा भाग स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून बघतं, त्यात एक बाइट जरी चुकला तरी पुढे जात नाही, तिथेच ठाण मांडतं. पिना मळलेल्या असल्या की लोगोच चुकीचा वाचला जातो. आपण काय करायचो, तर फुंकर मारायचो. फुंकरीने काही होत नसतं, काढून परत घातल्याने पिना घासल्या जातात त्याने होतं, उलट तोंडातली वाफ बसून पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातली काडी. तीन काड्या काळ्या झाल्या.

चौथ्यांदा घातली आणि चालली. "कंटिन्यू" दिसतंय!! दादाचं नाव, त्याचे बॅजेस, सगळं. लगेच बंद केलं. हात लावायचा नाही आता.

१८ ऑक्टोबर

कॅसेट उघडून सेल मोजला. सीआर २०२५, तीन व्होल्टचा असतो, मीटरवर २.५ च्या आसपास. म्हणजे शेवटच्या घटका. या कॅसेटीत सेलवर दोन गोष्टी जगतात, एक सेव्हची ३२ किलोबाइटची रॅम आणि दुसरं घड्याळ, आणि घड्याळ सतत टिकटिकत असल्यामुळे असले सेल साध्या सेव्हवाल्या कॅसेटींपेक्षा लवकर संपतात. सेल काढला की त्या क्षणी सेव्ह गेला, त्यामुळे क्रम ठरला: आधी वाचन, मग सेल.

रीडर, म्हणजे कॅसेट वाचून तिची फाइल करणारं यंत्र, स्वतःच बनवतेय. ३२ पिना: १६ पत्त्याच्या, ८ डेटाच्या, वाचा-लिहा-निवडा अशा तीन, आणि बाकी वीज, रीसेट वगैरे. गेमबॉयच्या कॅसेटी ५ व्होल्टवर चालतात म्हणून आर्डुइनो मेगा नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेतला, तो पण ५ व्होल्टचा आणि त्याला पिना भरपूर. ३.३ व्होल्टचा बोर्ड असता तर मधे लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारे भाग) घालावे लागले असते.

स्वतःलाच ताकीद, लिहून ठेवते: अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटी (गेमबॉयच्या पुढच्या पिढीच्या मशीनच्या) या रीडरला लावायच्या नाहीत. त्या ३.३ च्या आहेत. दिसायला खाच सारखी, आत घालायचा मोह होतो.

१९ ऑक्टोबर, रात्री

गेम आधी वाचला, सेव्हला घाबरून. प्रोसेसरला कॅसेटचा एका वेळी फक्त ३२ किलोबाइट भाग दिसतो. त्यातला पहिला १६ कायम तोच, दुसरा १६ बदलता येतो, "मला अमुक नंबरची बँक दाखव" असं कॅसेटमधल्या चिपला सांगून. मी शहाणपणा करून सगळ्याच बँका त्या दुसऱ्या खिडकीतून वाचल्या, शून्यापासून. फाइल बरोब्बर पाहिजे त्या मापाची आली आणि एम्युलेटरने (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) तोंड फिरवलं.

अर्धा तास वायरी तपासल्या. मग दिसलं की फाइलीतले पहिले १६ आणि दुसरे १६ किलोबाइट हुबेहूब सारखे आहेत. त्या चिपला शून्य नंबरची बँक मागितली की ती मुकाट्याने एक नंबरची देते! शून्य बँक तर पहिल्या खिडकीत आहेच, ती परत कोण कशाला मागेल, असा त्यांचा हिशोब असणार. माझ्यासारखी मागते.

दुरुस्त केल्यावर हेडरमधला (गेमच्या सुरुवातीच्या माहितीतला) मोठा चेकसम, म्हणजे चूक पकडायचा आकडा, जुळला. गंमत म्हणजे हा सगळ्या बाइटांच्या बेरजेचा आकडा प्रत्येक कॅसेटीत छापलेला असतो पण खुद्द गेमबॉय तो कधीच तपासत नाही, तो फक्त हेडरचा छोटा चेकसम बघतो. मोठा वाचला जातोय तो माझ्यासारख्यांकडूनच.

२६ ऑक्टोबर

सेव्हचा दिवस. इथे जरा सविस्तर लिहिते कारण माझे अडीच तास आणि निम्मं रक्त यात आटलं.

पहिलं वाचन: ३२ किलोबाइट, सगळे एफएफ (बाइट हेक्समधे, म्हणजे सोळा अंकांच्या मोजणीत लिहितेय). पोटात गोळा. मग आठवलं की रॅम मुळात कुलूपबंद असते, हेक्स ०००० च्या पट्ट्यात ०ए लिहिलं की उघडते. हे मुद्दाम असतं, मशीन बंद करताना वीज डगमगली तर सेव्हवर भलतंसलतं काही लिहिलं जाऊ नये म्हणून. उघडलं.

दुसरं वाचन: सगळीकडे ११. नुसतं ११, ११, ११, शेवटपर्यंत. तिसरं: सगळीकडे २९. चौथं: ०४. मग ३ए. मी म्हटलं झालं, रॅम मेली, आता कचरा येतोय. पण कचरा असा एकसारखा नसतो ना, ३२ हजार बाइट एका सुरात? चहूकडून वायरी दाबून बघितल्या, परत वाचलं, परत वाचलं, आकडे कागदावर लिहीत गेले, आणि पंधराएक झाल्यावर लक्षात आलं की ३बी च्या वर एकही जात नाहीये.

हेक्स ३बी म्हणजे ५९.

मी सेव्ह वाचतच नव्हते, मी सेकंदकाटा वाचत होते. या चिपमधे रॅमची बँक आणि घड्याळाचं रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) एकाच खिडकीतून दिसतात, ०० ते ०३ मागितलं की रॅम, ०८ ते ०सी मागितलं की सेकंद, मिनिट, तास, दिवस. घड्याळ जिवंत आहे का बघायला मी सुरुवातीला ०८ मागितलं होतं, आणि नंतर रॅमची बँक मागताना गेमच्या सवयीने हेक्स २००० ला लिहीत राहिले, लिहायचं होतं ४००० ला. त्यामुळे खिडकीत सेकंदच अडकून बसले होते. २.५ व्होल्टवर, इतक्या वर्षांनी, खोक्यात पडल्या पडल्या ते घड्याळ चालूच होतं.

एक आकडा बदलला. पुढचं वाचन तीन सेकंदात आलं आणि यावेळी त्यात सगळीकडे वेगवेगळे बाइट होते. पाच वेळा वाचलं, पाचही फाइली सारख्या. तीन ठिकाणी ठेवल्या. जीव भांड्यात पडला.

२७ ऑक्टोबर

दादाला सांगितलं. "मग झालं की काम!" नाही रे.

२ नोव्हेंबर

हँडहेल्डवर फाइल टाकली. कंटिन्यू आलं, नाव आलं, आणि गेम म्हणतोय वेळ लावा. म्हणजे सेव्ह पोचला, घड्याळ नाही पोचलं.

घड्याळ सेव्हच्या रॅममधे नसतंच, ते वेगळं आहे हे परवा चांगलंच कळलं होतं, पण ते फाइलमधे कसं ठेवायचं याचा काही सरकारी नियम नाही. चालत आलेली पद्धत अशी की ३२७६८ बाइटच्या सेव्हच्या शेपटीला आणखी ४८ बाइट जोडायचे: पाच रजिस्टर चालू वेळेची, तीच पाच परत गोठवलेल्या वेळेची, प्रत्येकाला चार बाइट, आणि शेवटी आठ बाइटमधे संगणकाची तारीख-वेळ, म्हणजे फाइल होते ३२८१६. काहीजण शेवटी चारच बाइट ठेवतात, मग ३२८१२. एमजीबीए नावाचा एम्युलेटर शेपूट जोडतो. गँबाटे हा दुसरा एम्युलेटर रेट्रोआर्कमधे (अनेक एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम) आरटीसी नावाची वेगळी फाइल ठेवतो, शिवाय सेव्हचं एक्स्टेन्शन पण वेगळं, एकीकडे सॅव्ह तर एकीकडे एसआरएम. म्हणजे एका एम्युलेटरचा सेव्ह दुसऱ्यात नेताना गेम बिनतक्रार चालतो आणि घड्याळ गुपचूप गळून पडतं, आणि कळतं कधी, तर रात्रीचा पोकेमॉन दिवसाढवळ्या शोधत बसल्यावर.

तीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली, शेपूट जोडणारी, कापणारी आणि वेगळ्या फाइलीत टाकणारी. चालली.

३ नोव्हेंबर

आणि सकाळी गेममधे वार चुकलेला.

हँडहेल्ड रात्री पूर्ण डिस्चार्ज झाला होता. या मशीनमधे स्वतःच्या घड्याळाला वेगळा सेल नाही, बॅटरी संपली की तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन पडते आणि वायफाय मिळेपर्यंत तिथेच राहते. एम्युलेटर बिचारा हिशोब करतो की मागच्या वेळेपासून किती वेळ गेला, आणि उत्तर येतं उणे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटीत सेल होता, नव्या मशीनमधे नाही. काय बोलणार.

तात्पुरता उपाय: चालू होताना तारीख मागच्या सेव्हच्या आधीची असेल तर गेम सुरूच होऊ द्यायचा नाही, आधी वायफाय लाव म्हणायचं. ओबडधोबड आहे पण सेव्ह वाचतो.

९ नोव्हेंबर

आता दिसण्याकडे.

गेमबॉयचा स्क्रीन १६० बाय १४४. माझा ६४० बाय ४८०. तिप्पट केलं तर ४८० बाय ४३२, बाजूला ८०-८० आणि वर-खाली २४-२४ काळं राहतं. चौपट केलं तर उंची ५७६, मावत नाही. पूर्ण ताणलं तर काही पिक्सेल तीनचे काही चारचे, अक्षरं सरकताना लाटांसारखी हलतात, मला तर दोन मिनिटांत डोकेदुखी. तिप्पट म्हणजे तिप्पट, काळी चौकट राहू दे.

या एका बाबतीत कोणी आधीच नीट विचार केलाय ते बघितलं की बरं वाटतं. सोनीच्या पीएसपीचा स्क्रीन ४८० बाय २७२ होता, त्यापुढच्या व्हिटाचा त्यांनी ९६० बाय ५४४ ठेवला, बरोब्बर दुप्पट, त्यामुळे पीएसपीचे गेम त्यावर चपखल बसतात. अ‍ॅनालॉग पॉकेट (जुन्या कॅसेटी चालवणारं नवं मशीन) तर १६०० बाय १४४०, गेमबॉयच्या दहापट, तिथे एका जुन्या पिक्सेलला शंभर नवे पिक्सेल मिळतात. याच्या उलट निन्टेन्डोचा थ्रीडीएस, त्यात आधीच्या डीएसचे गेमही चालतात. डीएसचे गेम २५६ बाय १९२, खालचा स्क्रीन ३२० बाय २४०, सव्वापट, म्हणून डीएसचे गेम त्यावर किंचित पुसट दिसतात. गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरलं की मूळ मापात, लहान पण लख्ख दिसतो. मला हे फार उशिरा कळलं, अख्खा एक गेम पुसट खेळून संपवल्यावर.

रंगांचं वेगळंच. एम्युलेटर कच्चे रंग दाखवतो तेव्हा गवत असं काही हिरवंगार की रेडियम वाटावं. त्या काळच्या स्क्रीनवर सगळं फिकट दिसायचं आणि बनवणारे त्या फिकटपणाचा हिशोब धरूनच रंग भडक टाकायचे. पहिल्या अ‍ॅडव्हान्सला तर मागून उजेडच नव्हता, त्याचे सुरुवातीचे गेम आज भगभगीत दिसतात ते त्यामुळे. कलर करेक्शन चालू केलं, जुनं मशीन शेजारी ठेवून ताडलं, साधारण जुळलं.

अजून एक, खोक्यातल्या काळ्या-पांढऱ्या कॅसेटींबद्दल. त्या गेमबॉय कलरमधे घातल्या की रंगीत व्हायच्या, आणि मला वाटायचं ते रंग कॅसेटीत असतात. नसतात. मशीन गेमच्या नावाच्या अक्षरांची बेरीज करतं आणि निन्टेन्डोचाच गेम असेल तर आतल्या यादीतून त्या बेरजेला नेमून दिलेले रंग काढतं. शिवाय लोगो येताना बटणं दाबून आपले आपण निवडता यायचे, चार दिशा, प्रत्येक दिशा नुसती, एबरोबर किंवा बीबरोबर, एकूण बारा. डावीकडे अधिक बी म्हणजे करडा. ही यादी मशीनच्या बूट रॉममधे (चालू होताना चालणाऱ्या आतल्या प्रोग्राममधे) आहे, गेमच्या फाइलीत नाही, म्हणून नुसती गेमची फाइल नवीन ठिकाणी नेली की हे रंग येत नाहीत, एम्युलेटरने ते मुद्दाम करावे लागतात. मी सतरापैकी सहा कॅसेटींना आमचे ठरलेले रंग परत लावले, आठवून आठवून.

१५ नोव्हेंबर

सावलीचा बग. माझा आवडता, म्हणून लांबण लावणार.

खोक्यातल्या एका उड्या मारायच्या गेममधे हिरोच्या पायाखाली सावली आहे, जुन्या मशीनवर ती अर्धपारदर्शक दिसते. गेमबॉयला अर्धपारदर्शक असं काही येत नाही. युक्ती अशी की एका फ्रेमला (म्हणजे एका चित्राला) सावली काढायची, पुढच्या फ्रेमला नाही, आणि जुना एलसीडी इतका सुस्त की दोन्ही फ्रेम एकमेकांत मिसळून अर्धी सावली दिसायची. नव्या स्क्रीनला सुस्ती माहीत नाही, त्यामुळे सावली नुसती तडतडते. फ्रेम ब्लेंडिंग चालू करायचं, मागची फ्रेम थोडी मिसळायची, झालं.

पण झालं नाही. साधारण पावणेचार सेकंदांनी एकदा सावली अडखळायची. पापणी लवावी तशी. दादाला व्हिडिओ पाठवला तर म्हणाला मला तर काहीच दिसत नाही, मला मात्र आता दुसरं काही दिसेचना.

हिशोब मांडला. गेमबॉयची एक फ्रेम म्हणजे ७०२२४ क्लॉक. प्रोसेसर ४१९४३०४ हर्ट्झ. भागाकार ५९.७३. माझा स्क्रीन ६० चा. सेकंदाला ०.२७ फ्रेम कमी पडतेय, म्हणजे दर ३.७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि ती फ्रेम सावलीची असेल तर सावली दोनदा, बिनसावलीची असेल तर सावली दोनदा गायब. एरवी एखादी फ्रेम दोनदा आली तर कोणाच्या बापाला कळत नाही, पण फ्रेमआड दिसण्यावर ज्याचं पोट आहे त्या सावलीला कळतं.

दोन रस्ते. एक, गेमच ६० ने पळवायचा, म्हणजे ०.४६ टक्के जलद, तासाभराच्या खेळात सोळा सेकंदांचा फरक, आवाज किंचित चढा पण कानाला कळत नाही. रेट्रोआर्क आवाजाचा वेग हळूच कमीजास्त करून हेच करतो. दुसरा, स्क्रीनच ५९.७३ वर आणायचा, पण माझा पॅनल ऐकत नाही. पहिला घेतला. सावली शांत. कॅसेटमधलं घड्याळ गेमच्या वेगावर नाही, मशीनच्या तारखेवर चालतं, त्यामुळे ते बिघडलं नाही, हेही तपासून घेतलं.

२३ नोव्हेंबर

दादा घरी आला होता, हातात घेतल्या घेतल्या: "उशिरा उडी मारतोय हा." मला कळलं नव्हतं! फोनच्या स्लो मोशनमधे, सेकंदाला २४० फ्रेम, अंगठा आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असं धरून मोजलं. जुन्या मशीनवर बटण ते उडी सात-आठ फ्रेम, म्हणजे तीसेक मिलिसेकंद. नव्यावर एकवीस, जवळजवळ ८८. त्याचं बरोबर होतं.

व्हिडिओचा जादा बफर (दाखवण्याआधी साठवून ठेवलेल्या फ्रेम) काढला, आवाजाचा बफर कमी केला, रन-अहेड एक फ्रेम लावला. रन-अहेडची कल्पना भारी आहे, गेम आतल्या आत एक फ्रेम पुढे खेळून बघायचा, ते चित्र दाखवायचं आणि परत मागे यायचं, असं दर फ्रेमला. प्रोसेसरला दुप्पट काम, पण गेमबॉयचं दुप्पट काम म्हणजे या चिपला खिजगणतीत नाही. तेरावर आलं. दादा म्हणाला "आता ठीक." त्याच्याकडून एवढं म्हणजे पद्मश्रीच.

त्याने विचारलं, हे सगळं कंपन्या स्वतः का करत नाहीत. करायच्या, आणि सगळ्यात सोप्या रीतीने: जुनी चिपच नव्या मशीनमधे घालून ठेवायची. अ‍ॅडव्हान्समधे १६.७८ मेगाहर्ट्झचा आर्म होता आणि शेजारी जुना आठ बिटांचा प्रोसेसर पण होता, जुनी कॅसेट घातली की तिच्या आकारामुळे आत एक स्विच दाबला जायचा आणि मशीन जुनं व्हायचं. एल-आर दाबलं की चित्र आडवं ताणलं जायचं तेवढा एकच नवेपणा. २००४ च्या डीएसने आठ बिटवाला काढून टाकला, पण आर्म ७ ठेवला आणि खाली दुसरी खाच ठेवली, म्हणून अ‍ॅडव्हान्सचे गेम चालले, फक्त केबलवरचे दोघांचे खेळ बंद. मग डीएसआयने ती खाचही काढली. दर पिढीला एक जिना तुटत गेला.

"आणि माझा नवा स्विच २?" तो निन्टेन्डोचाच नवा हँडहेल्ड, पण त्यात तसं नाही. पहिल्या स्विचच्या गेमांमधे ग्राफिक्सची कामं त्या विशिष्ट चिपच्या भाषेत आधीच भाषांतर करून ठेवलेली असतात, आणि नवी चिप त्याच कंपनीची असली तरी तिची भाषा वेगळी, त्यामुळे खेळता खेळता दुभाष्या बसवावा लागतो. पूर्ण एम्युलेशनही नाही, जुनी चिपही नाही, मधलं काहीतरी. शिवाय शरीराच्या अडचणी वेगळ्याच: नव्या जॉय-कॉनमधे (बाजूला लागणाऱ्या कंट्रोलरमधे) इन्फ्रारेड कॅमेरा नाही, तो लागणाऱ्या गेमांना जुने जॉय-कॉन जोडावे लागतात. आणि हातात धरून ७२० चं चित्र १०८० वर दीडपट. सव्वापट, दीडपट, परत तेच.

तो हे ऐकता ऐकता गेम खेळत होता, निम्मं ऐकलं असेल.

३० नोव्हेंबर

विषयाला सोडून: स्टीम डेकवर (पीसीचे गेम चालवणारा लिनक्सवाला हँडहेल्ड) माझा २००० सालच्या आसपासचा एक विंडोज गेम टाकून पाहिला, हात शिवशिवत होते म्हणून. प्रोटॉनने तो चालू केला हीच कमाल, विंडोजचं बोलणं लिनक्सला आणि विंडोजच्या ग्राफिक्सचं, म्हणजे डायरेक्टएक्सचं, बोलणं वल्कन या दुसऱ्या ग्राफिक्सच्या भाषेला समजावत. पण गाड्या वाऱ्यासारख्या पळतायत, कारण गेमचा वेग फ्रेमला बांधलेला. नव्वदवरून साठला कॅप केलं, तरी जलद, तीसवर माणसांत आला. स्क्रीन ८०० उंच, गेम ४८०, दुप्पट मावत नाही, एकपट म्हणजे टपाल तिकीट.

मूळ सीडी आहे पण तिच्यावरची कॉपी-प्रोटेक्शन सेफडिस्क, तिचा ड्रायव्हर विंडोज १० मधेच बाद झालाय, म्हणजे ही सीडी आजच्या विंडोजवरसुद्धा खेळता येत नाही. शेवटी दुकानातून, म्हणजे ऑनलाइन, बिनकुलपाची आवृत्ती परत विकत घेतलेली तीच वापरली. स्वतःच्या सीडीला डेकवर ताट-वाटी मिळाली नाही. असो. परत कॅसेटवर.

६ डिसेंबर

केबल, म्हणजे दोन गेमबॉय जोडणारी तार. दादाला माझ्या कॅसेटमधला एक पोकेमॉन हवाय जो त्याच्याकडे तेव्हा कधीच आला नाही, मीच देत नव्हते. दोन हँडहेल्ड वायफायवर जोडून बदली करायचा प्रयत्न, तीनदा मधेच लटकलं. केबलचा वेग ८१९२ बिट सेकंदाला, एक बाइट साधारण एका मिलिसेकंदात, आणि दोन्ही मशीन एकाच वेळी एकमेकांना बाइट देतात-घेतात, एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. दोन वितीच्या तारेला धरून लिहिलेला हा प्रकार, त्यात वायफायने वीस-तीस मिलिसेकंद कुठेतरी गमावले की गेमला वाटतं समोरचा उठून गेला.

शेवटी लॅपटॉपवर एकाच एमजीबीएमधे दोन खिडक्या उघडल्या, एकीत त्याचा सेव्ह, दुसरीत माझा. तिथे दोन्ही एका तालात चालतात. बदली झाली. आधी दोन्ही सेव्हची प्रत काढली होती, सांगायला नको.

१३ डिसेंबर

उलटा प्रवास. दादा म्हणाला होता की आता जुन्या मशीनवर पण बघू. म्हणजे नव्यावर पुढे गेलेला सेव्ह परत जुन्या कॅसेटीत.

जुना सेल डिसोल्डर केला, रॅम गेली, यावेळी हरकत नाही. नवा सीआर २०२५ पत्र्याच्या टॅबवाला बसवला. नुसता सेल चिकटपट्टीने दाबून बसवायचा आळशी प्रकार बऱ्याच जणांनी केलेला दिसतो, कॅसेट आपटली की सेव्ह साफ, तसं करायचं नाही. मग रीडरने उलटं: कुलूप उघड, बँक ०० ते ०३, ३२७६८ बाइट लिही, परत वाचून ताड, कुलूप लाव. ४८ बाइटांच्या शेपटीतून घड्याळ काढलं, मधल्या दिवसांचा फरक मिळवला, घड्याळ आधी थांबवायचा बिट लावून पाचही रजिस्टर लिहिली, बिट काढला. ०८ वाचलं: ०२. परत वाचलं: ०५.

दिवस मोजायला नऊच बिट आहेत, ५१२ दिवसांनी आकडा परत शून्यावर येऊन एक झेंडा वर करतो, त्यात गेम काय करतो ते आत्ता बघत बसत नाही.

१४ डिसेंबर

जुन्या गेमबॉय कलरमधे लागली. पहिल्याच झटक्यात लोगो. वार बरोबर, बदलून घेतलेला पोकेमॉन जागेवर. दादाने अर्धा तास खेळला, खिडकीजवळ बसून, कारण त्याला मागून उजेड नाही, आणि मग म्हणाला "अगं पण हे किती बारीक दिसतंय." मग नवा हँडहेल्ड परत मागितला.

कॅसेट मात्र घेऊन गेला. रीडरची डी ५ ची वायर सैल झालीये, ती परत सोल्डर करायची. उरलेल्या सतरा कॅसेटींपैकी नऊमधे सेल आहे, दोन आधीच १.८ च्या खाली गेलेत.